वाचकांचे प्रश्न : फेसलेली मोहरी आणि अँटिऑक्सिडंटची बरणी

आधी कबुली. गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले की अँटिऑक्सिडंटच्या (पेशींना इजा करणारे 'फ्री रॅडिकल' रोखणाऱ्या द्रव्यांच्या) गोळ्यांचे पैसे शेवटी लघवीवाटे वाहून जातात. साताऱ्याच्या एका औषध दुकानदारांनी पोस्टकार्डावर चार ओळींत कान पकडला : "सी जीवनसत्त्व जातं, ई जात नाही. ते तेलात विरघळतं, चरबीत साठतं." बरोबर आहे. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात घालवूनही जीभ घसरते ती अशी. ते वाक्य मागे घेते. आणि ई जीवनसत्त्व साठतं म्हणूनच पहिल्या पत्राचं उत्तर जरा कडक आहे.

हळदीवरची पत्रं बाजूला ठेवली आहेत. ती इतकी आहेत की त्यांना स्वतंत्र अंक लागेल.

ताई, वय ६८. तीस वर्षं सिगारेट ओढली, आठ वर्षांपूर्वी सोडली. मुलगा न्यू जर्सीला असतो. दिवाळीला येताना त्यानं 'अँटिऑक्सिडंट फॉर्म्युला'ची ३६५ गोळ्यांची बरणी आणली. एका गोळीत बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट. वर 'ओआरएसी १०,०००' असं ठळक छापलंय. फुप्फुसं आतून स्वच्छ होतील म्हणतो. घेऊ का?
— निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

सर, नका घेऊ. मुलाला वाईट वाटेल, म्हणून कारण सविस्तर लिहिते. हा मजकूर त्याला फोनवर वाचून दाखवा.

ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन (गाजराला केशरी करणारं द्रव्य) जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं होतं. मग ते गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे २९,१३३ सिगारेट ओढणारे पुरुष निवडले. निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, निम्म्यांना नाही. पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ साली निकाल छापून आला. बीटा कॅरोटीन न घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे ४०२ रुग्ण निघाले आणि घेणाऱ्यांत ४७४. आमच्या वाचनालयात तो अंक आला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कोष्टक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "रकाने उलटे छापलेत." रकाने बरोबर होते.

तरी कुणी म्हणेल, योगायोग असेल. अमेरिकेत त्याच सुमारास सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले असे १८,३१४ लोक ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व घेत होते, किंवा नुसतीच दिसायला तशी गोळी. जानेवारी १९९६ मध्ये तो प्रयोग २१ महिने आधीच थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त होता. सर, 'सोडलेले' हा शब्द तुमच्यासाठी.

असं का व्हावं? फेरेट नावाच्या, मुंगसाच्या अंगलटीच्या प्राण्यांना धूर आणि बीटा कॅरोटीन दोन्ही देऊन पाहिलं गेलं. धुरानं भरलेल्या फुप्फुसात बीटा कॅरोटीन स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे तिथल्या पेशींच्या कामात ढवळाढवळ करतात, असं त्यातून दिसलं. गाजराच्या कोशिंबिरीला यातलं काही लागू नाही, ती रोज खा. गाजरात एकटं बीटा कॅरोटीन नसतं, आणि गाजर खाणारा माणूस बहुधा इतरही पुष्कळ गोष्टी बऱ्या करत असतो. पाहणीतला तो सुरुवातीचा घोळ इथेच झाला असणार.

ई जीवनसत्त्वाचं : ३५,५३३ पुरुषांवरच्या अमेरिकी प्रयोगात रोज ४०० युनिट, म्हणजे तुमच्या बरणीइतकंच, घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. हे २०११ साली कळलं. गोळ्या २००८ मध्येच थांबवल्या होत्या, तरीही.

'ओआरएसी' म्हणजे काचेच्या नळीत एखादा पदार्थ किती ऑक्सिडीकरण रोखतो त्याचं माप. तुमचं शरीर काचेची नळी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानंच हे आकडे संकेतस्थळावर ठेवले होते आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो म्हणून २०१२ साली काढून टाकले.

एक अपवाद. डोळ्याच्या पडद्याची वयानुसार झीज मध्यम टप्प्यावर असेल तर डोळ्यांचे डॉक्टर जी ठरावीक गोळी देतात तिचा खरंच उपयोग होतो. मात्र तीतही सिगारेट ओढलेल्यांसाठी बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन घातलेली असावी. डॉक्टरांना सिगारेटचं न लाजता सांगा.

बरणीचं झाकण घट्ट असेल तर मेतकूट छान राहील.

मॅडम, मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. फ्री रॅडिकल जर पेशीला घातक, तर पेशी ते स्वतःच का बनवते? आणि 'एनआरएफ-२' काय असतं? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला नाही.
— विद्यार्थिनी, नांदेड

परीक्षेला नाही म्हणूनच तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं.

डेनहॅम हारमन नावाचा माणूस आधी शेल या तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होता, मग डॉक्टर झाला. किरणोत्सर्गानं शरीरात फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनमुळे शेजाऱ्यावर झडप घालणारे रेणू, तयार होतात हे त्याला माहीत होतं. १९५४ साली त्याला सुचलं की म्हातारपण म्हणजे हीच इजा, फक्त संथ. १९५६ मध्ये त्यानं ते छापलं. फार कुणी लक्ष दिलं नाही. १९६९ साली ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या रॅडिकलची विल्हेवाट लावणारं एन्झाइम सापडलं आणि चित्र पालटलं. ज्या घरात उंदराचा सापळा आहे त्या घरात उंदीर असणारच! तिथून फ्री रॅडिकल हा खलनायक ठरला आणि अँटिऑक्सिडंट नायक. जाहिरातवाले अजून त्याच अंकात अडकलेत.

पण तुझ्याच रक्तातली पांढरी पेशी जंतू गिळते तेव्हा त्याच्यावर मुद्दाम सुपरऑक्साइड सोडते. ते बनवणारं एन्झाइम ज्या मुलांत जन्मतः बिघडलेलं असतं त्यांना बुरशीचे आणि जंतूंचे गंभीर आजार पुन्हा पुन्हा होतात. म्हणजे ते शस्त्र आहे. आणि कमी प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड हा निरोपही आहे.

निरोप कसा, ते ऐक. पेशीत एनआरएफ-२ हे प्रथिन सतत बनत असतं आणि कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला बखोटीला धरून कचराकुंडीकडे पाठवत असतं. निम्मं एनआरएफ-२ साधारण वीस मिनिटांत नष्ट! उधळपट्टी वाटते ना? मलाही वाटायची. मग बहिणीच्या लग्नात लक्षात आलं : लग्नघरात चहाचं आधण सतत ठेवलेलं असतं. पाहुणे नाही आले तर पाणी आटतं, पुन्हा घालतात. आले, की दोन मिनिटांत चहा. पेशीलाही संकट आल्यावर प्रथिन बनवायला बसून चालत नाही.

कीप-१च्या अंगावर सिस्टीन ही गंधक असलेली अमिनो आम्लं आहेत. पेरॉक्साइड किंवा एखादं झोंबणारं रसायन त्यांना चिकटलं की कीप-१ची पकड सुटते. मोकळं झालेलं एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवणारी, विष निकामी करणारी शेकडो जनुकं एकदम चालू करतं. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात यामामोटो यांच्या गटानं कीप-१ ओळखलं, १९९९ साली.

आता आजीकडे जा आणि मोहरी फेसायला सांग. अख्खी मोहरी चावली तर फार झोंबत नाही. पाणी घालून वाटून फेसली की नाकात झणका जातो. दाण्यात एन्झाइम एका कप्प्यात आणि कच्चा माल दुसऱ्यात असतो. वाटल्यावर दोघं भेटतात आणि झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतं. ब्रोकोलीतून १९९२ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल टॅलले यांच्या गटानं वेगळं केलेलं सल्फोराफेन याच कुळातलं आहे. ते फ्री रॅडिकल शोषत बसत नाही. ते कीप-१ला झोंबतं. पेशी दचकते आणि आपली आपण सावध होते. झाड हे आपल्या भल्यासाठी नाही, अळीला पळवण्यासाठी बनवतं. (याचा अर्थ रोज वाटीभर मोहरी फेस असा नाही. पोट माझं नाही, तुझं आहे.)

हे मी हातानं केलंय. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं त्या पेरॉक्साइडचा अगदी पातळ डोस पेशींना दिला आणि दुसऱ्या दिवशी मारक डोस. पहिल्या दिवशी ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या ताटल्या साफ झाल्या. ज्यांना चिमूटभर त्रास दिला होता त्यांतल्या कितीतरी पेशी जगल्या. मला वाटलं ताटल्यांवरचे नंबर चुकले. तीनदा केलं, तेच.

फजितीही सांगते. आमच्या एका विद्यार्थ्यानं पेशींवर ग्रीन टीचा अर्क घातला. संरक्षक जनुकं धडाधड चालू झाली. पेढे वाटले. आठवड्यानं एका शांत स्वभावाच्या मुलीनं विचारलं, "पेशी न घालता नुसत्या माध्यमात, म्हणजे पेशी वाढवतो त्या द्रवात, चहा घालून पाहिलाय का?" पाहिला. तासाभरात त्या माध्यमातच पेरॉक्साइड! आम्ही अँटिऑक्सिडंट म्हणून घातलेला चहाच ते बनवत होता. पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज घातलं आणि सगळा परिणाम गायब. चहातली द्रव्यं पेशींच्या माध्यमात अशी वागतात हे बॅरी हॅलिवेल यांच्या गटानं आधीच छापलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं. तोवर पेढेही संपले होते.

औषधं म्हणशील तर कथा इथेच रंगते. वॉल्टर श्वेकेंडिक या जर्मन रसायनतज्ज्ञाला स्वतःला सोरायसिस होता. १९५९ साली त्यानं फ्युमॅरिक आम्लाच्या संयुगांचा उपयोग मांडला. त्यांतलंच डायमिथाइल फ्युमरेट २०१३ मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर मंजूर झालं. ते कीप-१ला चिकटतं. मजा अशी की याच पदार्थाच्या पुड्या बुरशी लागू नये म्हणून सोफ्यांत घालत. त्या सोफ्यांवर बसून युरोपात कितीतरी लोकांच्या अंगावर फोड आले आणि २००९ मध्ये युरोपीय संघानं असा माल बंद केला. औषध आणि सोफ्यातली पुडी, दोन्हींचा स्वभाव तोच, झोंबण्याचा.

एनआरएफ-२ जागं करणारं दुसरं औषध, बार्डोक्सोलोन. मधुमेहानं मूत्रपिंड खूप बिघडलेल्या २,१८५ रुग्णांवरचा प्रयोग ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबवावा लागला. औषध घेणाऱ्यांत हृदयाचा पंप निकामी होण्याचं प्रमाण वाढलं होतं. पण त्याचाच भाऊबंद ओमाव्हेलोक्सोलोन हा फ्रीडरिक अटॅक्सिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारावर अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झाला. या आजारात तरुण मुलांचा तोल जातो, चालणं सुटतं.

आणि कित्येक फुप्फुसांच्या गाठींत कीप-१चं जनुकच मोडलेलं असतं. तिथं एनआरएफ-२ रात्रंदिवस चालू राहतं आणि कॅन्सरची पेशी त्याच्या आडोशाला केमोथेरपी पचवते. बारावीत शिकवतात तसा एक चांगला आणि एक वाईट असा इथं कुणी नाही. एम.एस्सी.ला आलीस की या विषयावर मला पुन्हा लिही.

माझा मुलगा २४ वर्षांचा, तीन महिन्यांपासून जिमला जातो. घराण्यात मधुमेह आहे. व्यायामानंतर रोज सी जीवनसत्त्वाची १००० मिलिग्रॅमची गोळी आणि ईची कॅप्सूल घेतो. 'मसल स्ट्रेस' कमी होतो म्हणे.
— एक आई, डोंबिवली

जिमला जाऊ दे, गोळ्या बंद करू दे.

जर्मनीत २००९ साली निघालेला एक छोटा अभ्यास आहे, चाळीसेक तरुण पुरुषांवरचा. सगळ्यांनी चार आठवडे व्यायाम केला. अर्ध्यांना तुमच्या मुलाच्याच गोळ्या : सी १००० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम सुधारला, घेणाऱ्यांच्या नाही. व्यायामात स्नायूत जे रॅडिकल बनतात त्यांच्यामुळेच स्नायू सुधारतो, आणि गोळीनं तो निरोप मधल्या मधे पुसला. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर घर बांधू नये. पण ज्या घरात मधुमेह आहे तिथं घाम गाळून मिळवलेलं गोळीनं का घालवायचं? आवळा खायचा तर खुशाल खाऊ दे.

बाई, माझ्या धाकट्या जावेला घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे. तोंड सोलवटलंय, गिळवत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो : गव्हांकुराची पावडर, नोनीचा रस, 'इम्युनिटी'च्या कॅप्सूल. सगळ्यांवर अँटिऑक्सिडंट लिहिलंय. द्यावं का? नाही म्हटलं की सासरची माणसं दुखावतात.
— एक वाचक, कोल्हापूर

रेडिएशन गाठीच्या पेशी मारतं ते मोठ्या प्रमाणात रॅडिकल तयार करूनच. ज्या आगीसाठी रोज हॉस्पिटलला जायचं, तिच्यावर घरी येऊन पाणी ओतायचं का, हा प्रश्न आहे.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर हे करून पाहिलं, २००५ मध्ये निकाल आला. ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन दिलेल्यांना रेडिएशनचा त्रास थोडा कमी झाला. हे खोटं नाही, आणि म्हणूनच मोह होतो. पण गोळ्या चालू असेपर्यंत कॅन्सर उलटण्याचं किंवा नवा होण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं. पुढे २०१४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटानं उंदरांत पाहिलं : फुप्फुसात आधीच गाठी असलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व किंवा एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट औषध दिलं तर गाठी झपाट्यानं वाढल्या. आपला बचाव कॅन्सरच्या पेशीलाही हवाच असतो.

तेव्हा कॅप्सूल, पावडर, रस यांतलं काहीही रेडिएशनच्या डॉक्टरांना न दाखवता देऊ नका. साधं अन्न मात्र चालू ठेवा. मऊ भात, ताक, पातळ वरण, जे गिळवेल ते. तिचं वजन टिकणं आत्ता सगळ्यात महत्त्वाचं. तोंडाच्या जखमांवर औषधं असतात, ती मागून घ्या. माणसं लाजेनं मागत नाहीत.

सासरच्यांचं म्हणाल तर नकार तुमच्या तोंडून जाऊच देऊ नका. "डॉक्टरांनी फक्त यादीतलंच द्यायला सांगितलंय" असा कागद फ्रिजवर चिकटवा. माझ्या आईच्या आजारात मी हेच केलं होतं. यादी मीच लिहिली होती.

लग्न मे महिन्यात आहे. पार्लरमधल्या ताई ग्लुटाथायोनच्या आठ सलाईनचं पॅकेज घे म्हणतात. रंग उजळतो का? ते अँटिऑक्सिडंटच आहे ना, मग धोका काय?
— अहिल्यानगर

पार्लरमध्ये शिरेत सुई? आधी तिथून उठ.

ग्लुटाथायोन तुझी प्रत्येक पेशी स्वतः तीन अमिनो आम्लांपासून बनवते. रंग उजळण्यासाठी शिरेतून देण्याला भक्कम आधार नाही, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा इंजेक्शनांविरुद्ध इशारे दिले आहेत. त्याचा खरा पराक्रम यकृतात दिसतो. कुणी पॅरासिटामॉलच्या मूठभर गोळ्या घेतल्या तर यकृतातलं ग्लुटाथायोन विषाला तोंड देता देता संपतं. तेव्हा एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं जातं. त्यातून यकृताला सिस्टीन मिळतं, ते पुन्हा ग्लुटाथायोन बनवतं आणि वेळेत दिलं तर माणूस वाचतो. वरच्या पत्रात उंदरांच्या गाठी वाढवणारं हेच ते औषध.

सलाईनचे पैसे साडीला घाल.

आमचं बाळ वीस दिवसांचं आहे. टाचेचं रक्त तपासून 'जी-सिक्स-पीडी कमी' असा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी यादी दिली, तिच्यात डांबरगोळ्याही आहेत! सासूबाई म्हणतात, आमच्या चार पिढ्या डांबरगोळ्यांच्या कपड्यांत वाढल्या. शिवाय 'फावा बीन्स' म्हणजे आमचे वाल का?
— फोंडा, गोवा

सासूबाईंचं म्हणणं त्या चार पिढ्यांपुरतं खरं असेल. तुमच्या बाळापुरतं डॉक्टरांचं खरं.

जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम पेशीला ग्लुटाथायोन पुन्हा पुन्हा वापरता यावं म्हणून लागतं. बाकीच्या पेशींत संकट आलं की नवी प्रथिनं बनवता येतात. नांदेडच्या मुलीला लिहिलेलं उत्तर वाचा. तांबड्या पेशीला मात्र केंद्रकच नसतं. साधारण १२० दिवसांच्या आयुष्यात तिला जन्मतः मिळालेल्या शिदोरीवरच भागवायचं असतं. शिदोरीच तोकडी असेल तर डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनसारखं रसायन तिला फोडतं. मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीनं काही जणांचं रक्त का फुटतं, याचा शोध घेता घेताच १९५६ साली ही कमतरता सापडली. ती एक्स गुणसूत्रावरून, आईकडून मुलाकडे येते, म्हणून मुलग्यांत जास्त दिसते. यात आईचा काही दोष नाही, हे सासूबाईंना वाचून दाखवाच.

यादी झेरॉक्स करून बाळाच्या लसीच्या कार्डाला टाचा. प्रायमाक्विन, डॅप्सोन वगैरे औषधांची नावं पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दिसली पाहिजेत. फावा बीन म्हणजे वाल किंवा पावटे नव्हेत. ते वेगळं झाड आहे, उत्तरेत त्याला बाकला म्हणतात. मोठ्या डोसचं सी जीवनसत्त्वही विचारल्याशिवाय नको. या मुलांत ते उलटू शकतं.

बाळ पिवळं दिसलं, लघवी चहासारखी गडद झाली किंवा दूध ओढेनासं झालं तर सकाळची वाट पाहू नका.

आणि बारशाला येणारी दुपटी, झबली, आजीची मऊ गोधडी हे सगळं कपाटातून निघालेलं असणार. अंगाला लावण्याआधी दोनदा धुवा आणि कडक उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. कपाटातल्या गोळ्या काढून टाका. त्यांच्याऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, पण तोही बाळाच्या कपड्यांत नको.